आहेराच्या पैशाची सळई

मी ब्लाउज शिवते. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून मशीन आणि मी. पण आहेरात आलेला ब्लाउजपीस घेऊन एक बाई माझ्याकडं शिवायला आली असेल तर शपथ! येईल कशी? तो पीस शिवायला नसतोच, पुढं ढकलायला असतो. आखूड, करकरीत आणि पाण्यात घातला की रंग सोडणारा. ह्या लग्नातून त्या बारशात, तिथून कुणाच्या तरी वास्तुशांतीला. टॉवेल-टोपीचं तेच. आहेरातली टोपी रोज घालणारा माणूस मला दाखवा, त्याच्या बायकोचे ब्लाउज मी फुकट शिवीन.

आणि आमचं शहाणपण बघा. आमचे हे टॉवेलच्याच कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर टॉवेल बघून घरी यायचे आणि लग्नसराईत मला घेऊन नव्या पेठेत टॉवेल विकत घ्यायला जायचे, डझनाच्या भावानं. घरात पत्र्याची पेटी आहेरातल्या ब्लाउजपीस-टॉवेलांनी गच्च भरलेली, तरी नवे घ्यायचे. का? तर पेटीतला पीस ज्यानं दिला त्यालाच परत गेला तर काय घ्या! एकदा गेलाही होता. माढ्याच्या बाजूच्या एका सोयरीण बाईंनी पीस उलटापालटा करून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगंबाई, सुखरूप आला की घरी!" मी तेव्हा हसले, पण घरी येऊन ह्यांच्यावर डाफरले.

मला लोक विचारतात, एवढ्याशा कमाईत तू पैसा मागं कसा टाकतेस? मी सांगते, चहातली साखर मोजू नका. तेल कमी घालून कुणाचं घर उभं राहिलं नाही, पोरं तेवढी कुरकुरतात. आमच्यासारख्यांचा पैसा मानपानात जातो आणि जाताना दिसत नाही, कारण तो खर्च वाटतच नाही, कर्तव्य वाटतं. म्हणून जो आहेर द्यायचा नाही असं ठरलं, त्याचे पैसे त्याच दिवशी पोस्टात टाकायचे. उद्या टाकू म्हटलं की गेले. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही, आमच्या पत्र्यानं शिकवली.

आमचं घर पत्र्याचं होतं. सोलापूरचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा, म्हणजे काय ते भोगलेल्यालाच कळतं. दुपारी भांडी हाताला चटके देतात. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, दुपारभर ओला पंचा डोक्यावर घेऊन दारात बसायचे. एका मेमध्ये ते बसल्या जागी कोसळले. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पुढचा उन्हाळा ह्यांना पत्र्याखाली काढायला लावू नका. वय झालंय, झेपणार नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या उन्हाळ्याच्या आत स्लॅब. पोस्टातलं काढलं, माझी भिशी लागली, ह्यांनी कारखान्यातून उचल घेतली. विटा आल्या, वाळू आली. सळई तेवढी राहिली होती. आणि दिवाळीनंतर माढ्याहून फोन आला. आक्कांच्या मुलाचं लग्न ठरलं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, आप्पांची एकुलती एक लेक. म्हणजे आमचे हे नवरदेवाचे सख्खे मामा. आता सख्ख्या मामाचा आहेर म्हणजे काय टॉवेल-टोपी आहे का? भाच्याला सूट-बूट आणि अंगठी, आक्कांना भारी साडी, दाजींना पूर्ण पोशाख, शिवाय त्यांच्या भावकीतल्या घराघराला मान. मी बोटावर हिशोब केला. सगळी सळई त्यात जात होती. दोन्ही होण्यासारखं नव्हतं.

ह्यांचं तोंड उतरलं. आप्पा मात्र खाटेवरून ताडकन उठून बसले. "स्लॅब राहू दे. माझं काय, आज हाय उद्या न्हाय. पण माझ्या लेकीची मान गावात खाली नको जायला."

मी म्हणाले, "आप्पा, मान खाली जाईल ती वर येईल. तुम्ही गेलात तर काय करू?"

ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं आक्कांकडं गेले. अशा गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं, आहेर जमणार नाही, सळई घ्यायचीय. आक्का भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. म्हणाल्या, "आणू नका की. मी कुटं मागायला आले? पन तितं माईकवर काय सांगायचं, ते तेवढं सांगून जा."

हा माईक म्हणजे आमच्याकडची एक भानगड आहे. लग्नात अक्षता पडल्या की आहेर पुकारतात. एक खड्या आवाजाचा माणूस माईक धरतो आणि कुणी काय दिलं ते सगळ्या मांडवाला ऐकवतो. अमुक पाहुण्यांकडून नवरदेवाला पोशाख एक! तमुक पाहुण्यांकडून पितळी घागर एक! ज्याचा आहेर लहान, तो त्या वेळी पाणी प्यायचं निमित्त काढून बाहेर जातो.

मी म्हणाले, "माईकवर मी सांगते."

"सांग की," आक्का म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

लग्नात आमचे हे भाच्याच्या मागं मामा म्हणून उभे राहिले, रिकाम्या हातानं. मी मात्र आदल्या दिवसापासून राबले होते. करवल्यांचे ब्लाउज मी शिवून नेले होते, पंगतीत वाढायला मी पुढं होते. पैसा नसेल तिथं अंग मोडून काम करावं, त्यात कमीपणा कसला? पण पुकारणाऱ्याला ते काय ठाऊक! तो गरजला, "आता ऐका, नवरदेवाच्या मामांचा आहेर..." आणि थांबून इकडंतिकडं बघायला लागला. ह्यांनी बुटांकडं बघायला सुरुवात केली.

मी पदर खोचला, गेले आणि माईक हातात घेतला. आवाज बरा निघाला. "मामा-मामीकडून नवरा-नवरीला आशीर्वाद. आहेराच्या पैशाची सळई घेतलीय. नवरदेवाच्या आजोबांना उन्हाचा त्रास होतोय, म्हणून घरावर स्लॅब टाकतोय. सगळ्यांनी बघायला यायचं."

बायकांत खसखस पिकली. कुणीतरी मागून ओरडलं, "व्हय व्हय, येतो की!" पण आक्का हसल्या नाहीत. निघताना त्यांनी रीतीप्रमाणं माझी ओटी भरली, पण नजरेला नजर दिली नाही. आणि आप्पा परतीच्या गाडीत माझ्याशेजारी न बसता पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. तेव्हा मला रडू आलं. खिडकीकडं तोंड करून मी मनसोक्त रडले. पण चुकले असं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

स्लॅब टाकून झाला. पाणी मारायचं काम आप्पा कुणाला करू देईनात, पहाटे उठून स्वतः पाइप धरायचे. माझ्याशी बोलणं कामापुरतं. आक्कांचा फोन नाही. दर वर्षी त्या उन्हाळ्यात माहेरी यायच्या. आप्पा ह्यांना रोज संध्याकाळी विचारायचे, "माढ्याचा काय सांगावा?" मग उत्तराची वाट न बघता आत जायचे. लेकीच्या बदल्यात मी त्यांना सावली दिली की काय, असं वाटून माझा जीव खालीवर व्हायचा.

मे अर्धा सरला. एका दुपारी मी मशीनवर होते आणि दारात रिक्षा थांबली. आक्का! सोबत एक भलंमोठं खोकं. रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालतच त्या उंबऱ्यात आल्या. तोंडावरून वाटलं, आता माझाही नंबर. मी उठून उभी राहिले.

पण त्या आत येऊन थबकल्या. आप्पा खाली फरशीवर उघड्या अंगानं झोपले होते. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, घोरत. ओला पंचा बाहेर दोरीवर वाळत पडला होता. आक्का कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग वर छताकडं बघितलं. मग पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "वैनी, दुपारचे झोपतात व्हय गं हे आता?"

"रोज," मी म्हणाले.

"ते लेकराच्या लग्नात दोन आले होते," त्यांनी खोक्याकडं हात केला. "एक आनला. ह्या स्लॅबला पंखा नको व्हय?"

बोलण्यानं आप्पांना जाग आली. उठून बसले, डोळे चोळले आणि लेकीकडं बघतच राहिले. आक्कांनी काय करावं? शेजारी पडलेला माझा कापड मोजायचा गज उचलून माईकसारखा तोंडाशी धरला आणि त्या पुकारणाऱ्याच्या थाटात म्हणाल्या, "नवरदेवाच्या आजोबांना, लेकीकडून, पंखा एक!"

आप्पांचे डोळे भरून वाहत होते. ते पुसायच्या भानगडीत न पडता त्यांनी माझ्याकडं बघितलं, कितीतरी महिन्यांनी सरळ बघितलं, आणि आक्कांना म्हणाले, "मोट्यानं पुकार की. गल्लीला ऐकू गेलं न्हाय."