निळ्या दगडातला जोड

सुईबाई हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, खुद्द सुईबाईंनाही नाही. काम मात्र सुईचंच. खाणीतल्या दगडांच्या पोकळीत स्फटिक वाढतात, त्यांच्यावर चिकणमाती बसलेली असते. ती काढायची आणि स्फटिकाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही. हाताशी ब्रश, पाण्याची पिचकारी आणि हवेच्या जोरावर थरथरणारी पोलादी सुई. सत्तावीस वर्षं एकाच स्टुलावर, एकाच खिडकीशी. साफ झालेले दगड मालक संग्राहकांना विकत. संग्राहक ही एक वेगळीच जमात. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण कुठला दगड कुठल्या खाणीतून कोणत्या साली निघाला ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

ह्या धंद्यात पाप एकच. तुटलेला स्फटिक डिंकाने जोडावा, खुशाल जोडावा, पण ते लपवू नये. म्हणून दगड पसंत पडला की गिऱ्हाईक सुईबाईंना विचारायचं, "बाई, जोड?" त्या "आहे" किंवा "नाही" म्हणायच्या आणि पुन्हा मान खाली घालायच्या. दुकानाची सगळी पत त्या एका शब्दावर उभी होती. मालकांना ते पक्कं ठाऊक होतं, तोंडाने कबूल करायचे नाहीत एवढंच.

गेल्या वर्षभरात त्यांच्या बोटांची टोकं बधिर होत गेली. थरथरत्या सुईनं ती आतून पोखरली असणार. आधी थंड पाणी कळेना, मग ब्रशचे केस. घरात पहिल्यांदा लक्षात आलं ते नणंदेच्या.

"वहिनी, अहो, पातेलं! चिमटा कुठाय?"

"राहिला वाटतं."

"राहिला काय राहिला! हात भाजतोय तुमचा!"

"हो का?" सुईबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि बोटं पाहिली. लाल झाली होती.

"हो का म्हणे! हात तुमचा आणि ओरडायचं मी. मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं की स्टूल गेलं."

"जाऊ दे ना स्टूल. ते काय सिंहासन आहे?"

सुईबाईंनी बोटं नळाखाली धरली. नवरा गेल्यापासून घरात नणंद होती आणि घराबाहेर ते स्टूल. तिसरं काही नव्हतं.

अशात तो दगड आला. पांढऱ्या गारेवर फ्लोराईट स्फटिकाचे सात चौकोनी ठोकळे, धुतलेल्या बाटलीच्या काचेसारखे फिकट. साध्या उजेडात कुणी वळूनही पाहिलं नसतं. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या, म्हणजे अतिनील दिव्याखाली धरला की आतून निळा पेटायचा, असा की मालकांसारखा बडबड्या माणूसही गप्प झाला. तो निघाला त्या खाणीतल्या पोकळीत आता पाणी भरलं होतं. असा दगड पुन्हा मिळणार नव्हता.

बुधवारी दुपारी, डावीकडच्या सगळ्यात मोठ्या ठोकळ्याच्या मुळाशी माती काढताना सुई जास्त आत गेली. बोटांना कळलं नाही. कट् झालं आणि ठोकळा टेबलावर पडला.

काळजात धस्स होईल म्हणून त्या थांबल्या. काही झालं नाही. मग त्यांनी दोन ट्यूबमधला डिंक कालवला, काडीनं लावला आणि ठोकळा जागेवर बसवला. भांडी घासून पालथी घालावीत तसं.

जोड सापडतो जांभळ्या दिव्याखालीच. डिंक निळसर उजळतो आणि भेगेची रेघ चोराकडे बोट दाखवावं तशी दिसते. पण हा दगडच निळा. दुसऱ्या दिवशी मालक जेवायला गेले तेव्हा सुईबाईंनी दिवा लावून पाहिलं. रेघ निळ्यात विरून गेली होती. जगात कुणाला सापडली नसती.

शनिवारी दातांचे डॉक्टर आले. जुनं गिऱ्हाईक. अंधाऱ्या खोलीत अर्धा तास भिंग लावून बसले, मालक मागे उभे. शेवटी आतून हाक आली, "सुईबाई, जरा या. रिवाज म्हणून विचारतो हं. जोड?"

एक "नाही" म्हटलं की संपलं. सुईबाईंनी भीती शोधली, लाज शोधली. रिकाम्या डब्यात हात घालावा तसं. खोटं बोलायलाही काही तरी वाटावं लागतं, तेही नव्हतं.

"आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "आता थट्टा करायला लागलात होय?"

"बाई!" मालक म्हणाले.

"कुठे आहे? दाखवा," डॉक्टर म्हणाले.

सुईबाईंनी मोठ्या ठोकळ्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "डावीकडचा मोठा. बुधवारी माझ्या हातून तुटला. मीच जोडला. पण रेघ मला दिसत नाही, आणि बोटांना काही कळत नाही."

डॉक्टरांनी दिवे लावले. सुईबाईंचा हात धरला, खिशातल्या पेनाचं टोक बोटात रुतवलं. "दुखलं?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

मालक दगडाकडे पाहत होते, मग बोटांकडे. "वर्षभर," ते म्हणाले, "आणि मला एका शब्दानं नाही?"

"तुम्ही काढलं असतं."

"काढलंच असतं!" मालक ओरडले. मग खुर्चीत बसले आणि दगडाची चिठ्ठी पुढे ओढून त्यावर स्वतःच लिहिलं, डावा मोठा ठोकळा जोडलेला. "उद्या डॉक्टरकडे जा. खऱ्या डॉक्टरकडे."

"म्हणजे मी काय न्हावी?" दातांचे डॉक्टर म्हणाले. कुणी हसलं नाही. दगड त्यांनी घेतला नाही. विचार करतो म्हणाले आणि गेले.

"सोमवारी येऊ का?" सुईबाईंनी विचारलं.

मालकांनी मान हलवली. नाही.

"बरं."

सुईबाईंनी एप्रनच्या गाठीकडे हात मागे नेले. सकाळी नणंदेनं घट्ट बांधली होती. बोटं गाठीवर होती की नव्हती ते कळेना. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मालक, एवढी गाठ सोडता का?"

मालक उठले. नखं कापलेली होती, गाठ निघता निघेना. ते शिव्या देत होते, कुणाला ते स्पष्ट नव्हतं. सुईबाई खिडकीकडे तोंड करून, हात बाजूला सोडून उभ्या होत्या.