शिडावरून ओळखलेला माणूस

बेलापूरच्या खाडीवर खून झाला आणि आमच्या गावातल्या एका कोळ्याला फाशीची शिक्षा झाली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी विशीतला, पत्रकं काढणारा. साक्षीदार एकच होती, मासळी विकणारी मावशी. अपील हायकोर्टात उभं राहायच्या आधी मी तिला जाब विचारायला गेलो.

"मावशी, तू खोटी साक्ष दिलीस."

"आदी बस. सभा हाय का हितं? संध्याकाली खून झाला त्या काठाला होडी लावून तो गेला. मी डोल्यांनी बगितला."

"तोंड पाहिलंस?"

"एवऱ्या लांबून तोंड कोन बगतं? शिडाला तांबडं ठिगल व्हतं. त्याचंच शीड."

खाडीकाठी सगळे असंच माणूस ओळखतात. पण मोकळी होडी दिसली की शेजारी न विचारता नेतात, हेही सगळ्यांना ठाऊक.

"मग होडीत दुसरा कोणी असला तर?"

ती टोपलीतले बोंबील उगाच चाळवत राहिली. "असंल बी. कोरटात कोनी विचारलंच नाय."

खालच्या कोर्टातल्या तिच्या जबानीतही फक्त शीडच होतं. कोळ्याच्या वकिलांनी अपिलात तेवढंच धरून ठेवलं आणि संशयाचा फायदा मिळून तो सुटला. मी 'निर्दोष' असं ठळक छापायला निघालो, तर वकील म्हणाले, "तसं कोर्ट म्हणालेलं नाही. शंका आहे, एवढंच."

इतकं मिळमिळीत पत्रक कोण काढतं? मी मावशीपुढे चरफडलो.

"मंग शंका हाय असं छाप," ती म्हणाली. "त्याच्या आईला कुटं वाचता येतं? पोरगा घरी जेवला, तिला पुरं."