गोलकीपरशी कुणी बोलायचं नाही

नेटी कोस्टिन्यूकला आमच्या गावात सगळे हॉकीवाली बाई म्हणत. गंमत म्हणजे ती आयुष्यात एकही खरा सामना खेळली नव्हती. तिच्या लहानपणी मुलींचा संघच नव्हता. शेतामागच्या गोठलेल्या तळ्यावर ती भावांबरोबर खेळायची आणि थोरल्याला रडवून घरी आणायची. बारा वर्षांची झाली तसे बापाने तिचे स्केट धाकट्याला देऊन टाकले आणि तिला आईबरोबर पिरोही, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायला बसवलं. त्यावरून ती कुणाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे ती शाळेची बस चालवायला लागली, लग्न झालं, नवरा लवकर गेला. गावात मुलींचा आइस हॉकीचा संघ निघाला तेव्हा जर्सी धुवायला कुणीतरी हवं होतं. नेटीने हात वर केला आणि मग कुठलंच काम अंगाबाहेर टाकलं नाही. जर्सी धुवायच्या, मलमपट्टीची पिशवी सांभाळायची, बस हाकायची. सामना चालू असताना मुली बर्फावरून बाकाकडे धावत येतात, त्यांच्यासाठी बाकाचं छोटं दार उघडायचं आणि लावायचं, तेही तिचंच काम. मुली तिला तेता म्हणत, म्हणजे युक्रेनहून इकडे येऊन वसलेल्या आमच्या घरांतली मावशी. तेताची जीभ तिखट होती. कुणी बोट दुखतंय म्हणून आली, की म्हणायची, "जागेवर आहे ना? मग दुखू दे त्याला, त्याचं काम करतंय ते."

एक नियम मात्र तिने सोवळ्यासारखा पाळला. सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी कुणी बोलायचं नाही. हे सगळीकडेच थोडंफार चालतं, पण नेटीच्या राज्यात त्याला माफी नव्हती. गोलकीपर पोरगी डोक्यावर टॉवेल घेऊन कोपऱ्यात बसणार आणि बाकीच्या तिच्याभोवतीनं मांजराच्या पावलांनी चालणार. एकदा एका आजीने नातीला नुसतं विचारलं, जेवलीस का. त्या दिवशी आम्ही सपाटून हरलो. नेटीने त्या आजीशी दोन हिवाळे बोलणं टाकलं होतं.

तर असा हा संघ एका वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन पोचला, आणि पोचला तो थेट फायनलपर्यंत. गोलात होती डार्का बिलिन्स्की, सतरा वर्षांची, अबोल. तिची आई मार्ता ही नेटीची शाळेपासूनची मैत्रीण. बाप ओरेस्ट रस्त्यांवरचा बर्फ सारायची गाडी चालवायचा. घरामागे पाणी ओतून त्याने लेकीसाठी बर्फाचं रिंक केलं होतं आणि रोज संध्याकाळी कामाचे बूट न काढता तो तिच्यावर हॉकीच्या रबरी चकत्या मारत बसायचा. गावात कुणी विचारलं तर म्हणायचा, मला काय कळतंय त्यातलं, मी नुसता मारतो, अडवते ती.

फायनलच्या दिवशी एप्रिल असूनही बर्फाचं वादळ आलं. निम्मं गाव गाड्या काढून सामन्याला निघणार होतं. ओरेस्टची सुट्टी होती, पण रस्ता मोकळा करून दिल्याशिवाय लोक जाणार कसे, म्हणून तो पहाटेच गाडी घेऊन बाहेर पडला. काम उरकून तो आणि मार्ता मागाहून येणार होते. लोक त्याने मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून वेळेत पोचले. त्यानंतर उडत्या बर्फात धान्याच्या ट्रकने त्याच्या गाडीला मागून धडक दिली.

सामन्याच्या तीन सत्रांतलं पहिलं संपलं तेव्हा नेटीचा फोन वाजला. मार्ता होती.

"ओरेस्टला ट्रकने उडवलंय. सास्काटूनच्या हॉस्पिटलात नेतायत, मी अॅम्ब्युलन्समध्ये आहे. बोलतोय तो. डार्काला घेऊन ये, नेटी. लगेच नीघ."

नेटी हो म्हणाली. ती खरंच निघणार होती. आधी प्रशिक्षक मर्व्हला सांगायला हवं म्हणून ती त्याच्याकडे गेली. मर्व्हचा चेहरा उतरला. दुसरी गोलकीपर पंधरा वर्षांची होती आणि स्पर्धेत अजून बाकावरून उठली नव्हती. त्याने विचारलं, बोलतोय ना तो? नेटी म्हणाली, बोलतोय. मग तुझं तू ठरव, असं म्हणून त्याने हात झटकले आणि तो फळ्याकडे वळला.

ड्रेसिंग रूममध्ये डार्का टॉवेल घेऊन कोपऱ्यात बसली होती. नेटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दुसरी कुठलीही पोरगी असती तर तेताचा चेहरा बघूनच काय झालं म्हणाली असती. डार्काने वर पाहिलं नाही, कारण पाहायचंच नव्हतं. इतर मुली गप्प होत्या, कारण त्या रोजच गप्प असत. त्या खोलीत वाईट बातमी लपवायला काहीच करावं लागत नव्हतं. नेटी वाकली, डार्काच्या पायावरच्या पॅडचा घट्टच असलेला पट्टा तिने पुन्हा घट्ट केला आणि बाहेर आली. बोलणारा माणूस काही मरत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या सत्रानंतर गप्प बसणं सोपं गेलं. एकदा कच खाल्ली की दुसऱ्यांदा काही वाटत नाही.

सामना एक-एक झाला आणि जादा वेळेत गेला. आता जो पहिला गोल करील तो जिंकणार. समोरच्या क्युबेकच्या पोरी डार्कावर तुटून पडल्या होत्या आणि ती एकेक चकती पोटाशी धरून ठेवत होती. तेवढ्यात नेटीच्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. तिने काढून पाहिला. मार्ता. तिने तो परत खिशात टाकला आणि धापा टाकत आलेल्या पोरीला दार उघडून दिलं.

मग आमचा गोल झाला. सगळ्या पोरी डार्कावर जाऊन कोसळल्या. नेटी बाकावर चढून ओरडली, लहानपणी तळ्यावर ओरडायची तशी. तेवढा वेळ तिला ओरेस्टची आठवणसुद्धा झाली नाही. पुढे कित्येक वर्षं तिची झोप उडायची ती याच गोष्टीने.

पदकं गळ्यात पडली. फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं. नेटीने फोटोही होऊ दिला. मग तिने डार्काला बाजूला घेऊन सांगितलं.

मर्व्हची गाडी घेऊन दोघी निघाल्या. डार्काने जर्सीवर तसाच कोट चढवला होता. वारा केव्हाच पडला होता आणि रस्ता स्वच्छ होता. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"पहिल्या सत्रानंतर."

डार्का काचेतून बाहेर बघत राहिली. "मी आले असते," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मार्ता एकटी बसली होती. ओरेस्ट थोड्याच वेळापूर्वी गेला होता. मार्ताने लेकीला कुशीत घेतलं आणि तिच्या डोक्यावरून नेटीकडे बघत ती बोलत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"सारखं विचारत होता गं, निघाली का, निघाली का. मी म्हटलं, कधीच निघाल्यात, नेटी चालवतेय, येतीलच एवढ्यात. मग तुला फोन केला. उचलला नाहीस, तर त्याला म्हटलं, बर्फात चालवतेय ना, कशी उचलेल. तो हो म्हणाला. दाराकडे बघत पडला होता." मग तिने विचारलं, "एवढा खराब होता का रस्ता?"

नेटीने तोंड उघडलं.

"हो आई," डार्का म्हणाली. "फार खराब होता. काही दिसतच नव्हतं."

बोलता बोलता तिने कोटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, पदक दिसू नये म्हणून. हे आपल्याला वाचवायला नाही, आईसाठी आहे, हे नेटीला कळलं. सकाळी पेपर येणार होता आणि त्यात पदकं घातलेल्या सगळ्यांचा तो फोटो असणार होता. मार्ता मात्र त्या रात्रीपुरती लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.