जगलेल्या झाडाचं मूळ

"मेलेलं कशाला आणलंत? जगलेलं आणा."

रोगट रोप घेऊन आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला बाई हेच सांगायच्या. नव्वदीच्या दशकात मी बारामतीच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो. बाई तिथं पिकांवरच्या बुरशी तपासायच्या. राहायला जळोचीला. रोप हातात न घेताच त्या हे बोलत, त्यामुळे निम्मे शेतकरी थेट प्रमुख साहेबांच्या खोलीकडे वळत. तुम्हीही तेच केलं असतं.

पळसदेवचे आबा मात्र वळले नाहीत. मेंढरं विकून त्यांनी नुकतीच शेती धरली होती आणि पहिल्याच हरभऱ्याला मर लागून रोपं उभी वाळत होती.

"माणूस दगावल्यावर शेजाऱ्याची नाडी बघता व्हय तुमी?"

"हो," बाई म्हणाल्या. "शेजारी कसा वाचला, ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं पळसदेवला गेलो. वाळून गेलेल्या एका पट्ट्यात चारच रोपं हिरवी होती. बाईंनी त्यातलं एक मुळासकट उपटलं. आबा बांधावरून खाली उतरले.

"चार जगली हुती. त्यातलं एक तुमी मारलं."

"मारलं," बाई म्हणाल्या आणि रोप ओल्या फडक्यात गुंडाळलं.

परतीला भिगवणला एस.टी. थांबली. बाई म्हणाल्या, "वाचवणारं काहीतरी मुळातच आहे, हा माझा अंदाज चुकला, तर त्या माणसाला तोंड दाखवता येणार नाही."

प्रयोगशाळेत त्यांनी मूळ बाहेरून निर्जंतुक केलं, चिरलं आणि तुकडे काचेच्या बशीत ठेवले. काही दिवसांनी तुकड्यांतून पांढरी बुरशी बाहेर आली. साहेब म्हणाले, "बाहेरची घाण शिरली. फेका." बाईंनी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तीच बुरशी.

"बाहेरची नाही, साहेब. ही मुळाच्या आत राहते."

साहेबांनी टेबल मोकळं करायला सांगितलं. पाहुणे यायचे होते.

बाईंनी आबांच्या रानातली रोगट माती पोत्यात भरून आणवली आणि घरच्या ओसरीवर कुंड्या मांडल्या. निम्म्या बियांना ती बुरशी चोळली, निम्म्या तशाच लावल्या. तशाच लावलेल्यांनी महिन्याभरात माना टाकल्या. चोळलेली बहुतेक रोपं तगली. मी पेढे आणू का विचारलं, तर म्हणाल्या, "कुंडी म्हणजे रान नव्हे."

पुढच्या पेरणीला त्यांनी आबांच्या अंगणात बसून गुळाच्या पाण्यात बुरशी कालवली, बियाण्याला चोळली.

"ही आत राहून झाडाचं थोडं खाते," त्यांनी समजावलं, "पण रोगाच्या बुरशीला मुळात जागा मिळू देत नाही."

"म्हंजी राखणीचं कुत्रं," आबा म्हणाले. "ते बी भाकरी खातंच की."

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

हरभरा फुलावर यायच्या आत बाईंची कोकणात बदली झाली. रान बघायचं राहून गेलं.

पीक निघायच्या सुमारास आबा प्रयोगशाळेत आले. बाई कोकणात गेल्या म्हटल्यावर बाकावर बसून राहिले.

"तितं हरभरा हुतो का?"

"नाही. भाताचा भाग आहे."

त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली.

"एक कोपरा गेला. बाकी रान उभं हाय. कळवा त्यास्नी."

मी त्याच दुपारी पोस्टकार्ड टाकलं. आबांचीच वाक्यं लिहिली, कोपऱ्यासकट. उत्तर आलं नाही.