गिरजाबाईची पात

वऱ्हाडातल्या मालेगावहून कारंज्याला निघालो तेव्हा मी इतका थकलो होतो, की वाटेत माझी सावलीसुद्धा दोनदा खाली बसली. त्यात रस्ता असा, की दमणीचं (माणसं नेणाऱ्या हलक्या बैलगाडीचं) एक चाक एका तालुक्यातून चालत होतं आणि दुसरं दुसऱ्या. कारंज्याला साहेबांचा मुक्काम होता. अमरावतीच्या आमच्या कचेरीत हेडक्लार्कची खुर्ची रिकामी झालेली, आणि सहकारी गोविंदरावांच्या आधी मला साहेबांना गाठायचं होतं. कित्येक वर्षं आम्ही दोघं असेच धावतोय. झोपेतही माझे पाय हलतात, असं घरचे सांगतात.

किन्हीराजा आलं आणि गाडीवान सखारामनं बैल सोडले. त्याच्या मावसबहिणीचं, गिरजाबाईचं, वावर (शेत) तिथंच होतं. नवरा तापानं पडलेला, ज्वारी उभी आणि आभाळ गच्च भरलेलं. पाऊस आला तर वर्षाची भाकर काळी पडणार, म्हणून अख्खं गाव सोंगणीला (कापणीला) उतरलं होतं. मी दटावलं, विनवलं, साहेबांचा हुद्दा सांगितला.

सखाराम म्हणाला, "साहेब, तुमचा साहेब उद्या बी राहीन. हे जवारी राहीन काय?"

दमणीत बसून माश्या किती मारणार? मीही विळा मागितला. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक पात (कापायचा पट्टा) आली. पात म्हटली की शर्यत आलीच! मी असा सुटलो, की विळ्याच्या वाऱ्यानंच शेजारची ज्वारीची ताटं आडवी झाली. सखारामच्या बैलांना विचारा. सगळ्यांच्या आधी धुऱ्यावर (बांधावर) पोचलो आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. कुणी मान वर केली नाही. पाण्याच्या घागरीकडे हात नेला, तर सोंगणीला आलेल्या सखारामच्या म्हाताऱ्या आईनं ती मागं ओढली.

"बसले काहून, पाव्हणे? गिरजी मांगं राह्यली ना."

"पण मी पहिला आलो," मी म्हणालो.

"आले ना पयले? मंग जा पयले."

सगळं वावर हसलं. मग कळलं ते असं, की पुढं पोचलेल्यानं मागं राहिलेल्याच्या पातीत समोरून शिरायचं. सगळ्या पाती संपल्या की सगळ्यांनी मिळून पाणी प्यायचं. मी शिरलो. मधली ताटं सरली तेव्हा गिरजाबाई समोर उभी.

"लय दमले काय, भाऊ?" तिनं विचारलं.

कचेरीत हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

शेवटची पेंढी झाकली आणि पाऊस कोसळला. अंबाडीच्या भाजीबरोबर मी नऊ भाकरी खाल्ल्या. म्हातारी अकरा सांगते. कमरेचे तुकडे पडले होते, तरी त्या रात्री पाय हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कारंज्यात कळलं, साहेब गोविंदरावांना भेटून पुढं गेले.

अमरावतीला परतलो. माणूस किन्हीराजाच्या वावरातही जिवाच्या आकांतानंच राबतो. फक्त पुढं गेलेल्याला तिथं कुणीतरी मागं बोलावतं. हेडक्लार्कच्या खुर्चीत बसलेल्या गोविंदरावांपुढं कागदांचा ढीग आढ्याला टेकला होता आणि त्यांचे डोळे खोल गेले होते. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "खालचे अर्धे इकडे द्या."

त्यांनी दोन्ही हातांनी ढीग कवटाळला.

"कोणी पाठवलं तुम्हाला?" ते म्हणाले.