पोचलं का?

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण मी फोनवरून सगळ्या दफ्तराला मेलनं पाठवलं. त्यात कार्यक्रम सुरू व्हायची तारीख बरोबर होती, संपायची मात्र मागच्या वर्षाची पडली. म्हणजे पंगती बसायच्या आधीच उठल्या! छापील पत्रिकेत लोक हसले असते आणि विसरले असते.

पण सांगायचं आहे ते दौलतभाऊंबद्दल. इचोड्याच्या दफ्तरात ते माझ्या शेजारच्या टेबलावर. मेल पाठवला की लगेच फोन लावत आणि विचारत, "पोचलं का?" समोरचा त्याच खोलीत असला तरी. एकदा काचेपलीकडच्या साहेबांनाच फोन लावला. साहेब म्हणाले, "दौलतराव, मी तुम्हाला इथून दिसतोय ना?"

"तुमी दिसून राह्यले साहेब, मेल पोचलेला नाई दिसून राह्यला."

मी चिडवायचो, "दौलतभाऊ, पूर्वी पत्र टाकून पोस्टमनच्या मागं सायकल घेऊन जात होतात का?"

"हास तू बापू. कागद देला का पोच घेतो ना आपन? मंग मेलची काऊन नाई? पाठवनं अर्धं काम हाय. उरलेलं अर्धं इचारनं."

त्यांची म्हातारी माय दूर बेल्लमपल्लीला एकटी. शेजारणी भाकर द्यायच्या. बदलीसाठी दौलतभाऊ किती वर्षं झगडले. शेवटी तिथल्या दफ्तरातला एक जण त्यांच्या जागी इकडं यायला तयार झाला. मोठ्या दफ्तरातून मेल येणार होता आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. नाही तर पाळी पुढच्याची.

तो मेल आला त्याच दिवशी सकाळी माझं आमंत्रण गेलं होतं. दौलतभाऊ कामानं इंद्रवेल्लीकडं, फोन खिशात. फोनमध्ये मेल आणून टाकणारं सॉफ्टवेअर माझ्या उलट्या तारखेपाशी आलं आणि अडकलं. बंद पडायचं, पुन्हा उठायचं, पुन्हा तिथंच आपटायचं. मागचे मेल रांगेत उभे. दफ्तरातल्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं ठीक, त्यामुळं आम्हाला पत्ताच नाही. दौलतभाऊ दिवसभर फोन काढून पाहत होते. मोठ्या दफ्तराला त्यांनी विचारलं नाही. पाठवणारा फोन करतोच, अशी त्यांची समजूत.

आणि मी? आमंत्रण पोचलं का, एवढं मी त्यांना विचारलं असतं तर "नाई बापू, सकाळपासून काईच नाई" म्हणाले असते, आणि मी त्यांचा मेल कॉम्प्युटरवर पाहिला असता. पण असले फोन करायचे ते दौलतभाऊंनी. मी शिकलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी मी दौलतभाऊंबरोबर त्यांचा फोन दाखवायला गेलो, तेव्हा दुरुस्त करणारा पोरगा त्यांना म्हणाला, "काका, सॉफ्टवेअरमधेच खोट आहे. असा एक वाकडा मेल आला की सगळ्यांचे फोन ठप्प. तुमची चूक नाही." ते शेवटचं वाक्य मी प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं. वाकडा मेल कुणाचा, ते दौलतभाऊंनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बदली दुसऱ्याला गेली. वास्तुशांतीला ते आले, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं आणि शेवटच्या पंगतीला बसले.

उन्हाळ्यात माय गेली. दौलतभाऊंची बस तिथं पोचेस्तोवर शेजारच्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. परत आल्यावर दौलतभाऊ एवढंच बोलले, "दाराकडं पाहून राह्यली होती म्हने."

आता निवृत्त होऊन ते मायच्याच घरी राहायला गेलेत. परवा रविवारी मी त्यांना लांबलचक मेल लिहिला. वाकडी तारीख, माझं आमंत्रण, माझं गप्प बसणं, सगळं. बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला वाचून दाखवला. मी पाठवून दिला, फोन खाली ठेवला आणि सुटकेचा श्वास सोडला.

तशी तिनं मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि माझा फोन माझ्या हातात देत म्हणाली, "मंग आता लावा त्यायले. इचारा, पोचलं का म्हनून."