टक् वाजणारा पाना

२००६ साली मी चोपन्न वर्षांचा होतो. काल साताऱ्यात एका गॅरेजात "टक्" असा आवाज आला आणि विट्यातला तो दिवस आठवला.

माझ्या गॅरेजासमोरच गॅरेज असलेल्या बापूनं टॉर्क पाना आणला होता. नट पुरता आवळला की तो टक् वाजायचा. मी साध्या पान्यावर पाय देऊन आवळायचो. माझं जुनं गिऱ्हाईक तानाजी त्या दिवशी सरळ बापूकडं वळलं. मी त्याला हटकलं.

"काय रं, माझा पाय कमी पडला व्हय?"

"न्हाई वं दादा, पर तुमचा पाय टक् वाजत न्हाई!"

बापू ग्रीसचे हात पुसत हसला. माझं काळीज जळलं. रोजच्या कामाला असला पाना लागत न्हाई, हे मी आजही म्हणतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्याच जीपच्या चाकांचे नट ढिले केले आणि ती ढकलत बापूच्या दारात नेऊन लावली.